दुसऱ्या रकान्यातली सीट

मला चौकशा फार. कुणाकडे नवा सोफा दिसला की तो कुठून घेतला, केवढ्याला पडला, घरपोच आणून दिला की स्वतः वाहून आणला, हे विचारल्याशिवाय मला त्यांचा चहा गोड लागत नाही. कॅनडात येऊन बरीच वर्षं झाली तरी ही खोड गेली नव्हती. इथले लोक असं विचारत नाहीत, हे नवऱ्याने मला अनेकदा समजावलं होतं. पण लेक बारावीत गेली आणि आम्ही तिच्यासाठी युनिव्हर्सिट्या बघत हिंडायला लागलो, तेव्हा माझ्या चौकशांना मोकळं रान मिळालं.

शनिवारी सकाळी ओकव्हिलहून निघायचं, फोर-ओ-थ्री हायवे पकडायचा, बरोबर थर्मासात चहा आणि डब्यात धपाटी. युनिव्हर्सिटीच्या दारात आमच्यासारखेच पोरांना घेऊन आलेले आईबाप घोळक्याने उभे असायचे. मग टीशर्ट घातलेला एखादा विद्यार्थी यायचा आणि आमच्यापुढे उलटा चालत सगळं दाखवायचा. उलटा म्हणजे तोंड आमच्याकडे आणि पाठ रस्त्याकडे. हा पोरगा आता पडेल, मग पडेल, असं वाटून माझा निम्मा जीव त्याच्या पायांत असायचा. उरलेल्या निम्म्या जीवाने मी प्रश्न विचारायचे.

"ही इमारत कुणी बांधली?" तो एखाद्या उद्योगपतीचं नाव सांगायचा. लायब्ररीला एक नाव, व्यायामशाळेला दुसरं, बागेतल्या बाकालासुद्धा तिसरंच. आपल्याकडे देवळाच्या फरशीवर 'यांच्या स्मरणार्थ' कोरलेलं असतं, तसा सगळा प्रकार. मला गंमत वाटायची. एकदा बाहेर कडाक्याची थंडी होती आणि आत हॉलमध्ये कोट काढावा लागेल इतकं गरम. मी विचारलं, "या हीटिंगचे पैसे कोण देतं? त्याच्यावर तर कुणाचं नाव दिसत नाही." तो मुलगा चालायचा थांबला. "दॅट्स अ ग्रेट क्वेश्चन," म्हणाला. या देशात तुमच्या प्रश्नाला ग्रेट म्हटलं की समजायचं, उत्तर मिळणार नाही.

लेक तोवर घोळक्याच्या दुसऱ्या टोकाला गेलेली असायची. ही बाई माझ्याबरोबर नाही, असा चेहरा करून.

पण प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. मिसिसागात खाद्यपदार्थ तपासायच्या एका लॅबमध्ये मी नोकरी करत होते. तिथे माझ्या शेजारच्या टेबलावर एक सीनियर बाई होती, इथलीच, जन्माने आणि सात पिढ्यांनी. डब्याच्या सुट्टीत मी तिला विचारलं की तुझ्या वेळी फी किती होती. ती हसली. म्हणाली, "उन्हाळ्यात एका तळ्याकाठच्या हॉटेलात भांडी घासायचे, त्यात वर्षाची फी निघायची आणि वर एक कोटही यायचा." तिचा मुलगा आता शिकत होता. तो उन्हाळ्यात काम करायचा, हिवाळ्यात करायचा, आणि तरी डोक्यावर लोन होतंच. "मग मधे झालं काय?" मी विचारलं. "भांडी तर तेवढीच घाण होत असतील." तिने खांदे उडवले. सरकारने हात आखडला, म्हणाली. कुठल्या सरकारने, ओटावातल्या केंद्राच्या की टोरांटोतल्या प्रांताच्या, हे तिला सांगता येईना. दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात, एवढंच तिला माहीत होतं. आमच्या ओंटारियो प्रांतात मधे दोनेक वर्षं फी गोठवली होती, मग ती पुन्हा वाढायला लागली होती. नुकतीच मंदी येऊन गेली होती आणि जो तो म्हणत होता की आता आणखी वाढणार.

आम्ही दोघं सरकारी कॉलेजांत शिकलेले. मी पुण्याला एमएस्सी केलं, नवरा नागपूरला इंजिनिअर झाला. आम्हाला फी हा विषय कधी आठवतच नाही. भरली असेल, पण आठवण्याइतकी नव्हती. हॉस्टेलचं पिठलं आठवतं, फी नाही.

लेकीला हवामानशास्त्र शिकायचं होतं. लहानपणापासून तिला त्याचं वेड. उद्या बर्फामुळे शाळा बंद राहील की नाही, हे ती आदल्या संध्याकाळी खिडकीतून बघून सांगायची आणि पुष्कळदा बरोबर निघायचं. गल्लीतली पोरं गृहपाठ करावा की नाही, हे तिला विचारून ठरवायची. इंजिनिअरिंग नाही म्हटल्यावर नवरा जरा गप्प झाला होता, पण चार दिवसांत सावरला. तिने जिथे जायचं ठरवलं होतं ती युनिव्हर्सिटी शेजारच्या क्वीबेक प्रांतात, माँट्रियलला होती. तिथले वादळांवर काम करणारे प्रोफेसर, छतावरची यंत्रं, सगळं तिने पाठ केलेलं. मार्क उत्तम होते. मार्चमध्ये तिथून ऑफर आली तेव्हा मी शिरा केला, आणि लेकीने काजू वेचून खाल्ले.

शिरा खाता खाता नवऱ्याने लॅपटॉपवर फीचं पान उघडलं. मी मागून वाकून बघत होते. तीन रकाने होते. पहिल्यात क्वीबेकमधल्या विद्यार्थ्यांची फी, अगदी किरकोळ. दुसऱ्यात इतर प्रांतांतल्या कॅनेडियन विद्यार्थ्यांची, त्याच्या कितीतरी पट. तिसऱ्यात परदेशी विद्यार्थ्यांची, जी वाचून मी चष्मा पुसला. आमच्या लेकीच्या ऑफरवर दुसरा रकाना होता.

नवऱ्याने चमचा खाली ठेवला. "अरे," तो हळूच म्हणाला, "ही तर पेमेंट सीट आहे."

आता हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, पण लेकीला मला पुढे बराच वेळ सांगावं लागलं, म्हणून इथेही सांगते. आमच्या वेळी नवी प्रायव्हेट कॉलेजं निघत होती, तेव्हा त्याला डोनेशन म्हणायचे. आमच्या धाकट्या भावंडांच्या वेळी त्याचं पेमेंट सीट झालं. एकच कॉलेज, एकच वर्ग, एकच बाक. पण वरच्या मार्कांची मुलं फ्री सीटवर, किरकोळ फी भरून. खालच्या मार्कांची पेमेंट सीटवर, कितीतरी पट भरून. आणि त्यावर एनआरआय कोटा, डॉलरमध्ये. तीन रकाने. कोण कुठल्या रकान्यातला हे सगळ्या वर्गाला ठाऊक, आणि नंतर सगळ्या नातेवाइकांना. लग्नाच्या बोलण्यांत मुलगा इंजिनिअर आहे, एवढं सांगून भागायचं नाही. 'फ्रीमधून हं,' असं मुलाची आई पुढे जोडायचीच.

माझा नवरा सरकारी कॉलेजच्या पहिल्या यादीतला. तो आयुष्यात फारशा बढाया मारत नाही. पण ही एक गोष्ट त्याने जपून ठेवलेली. कुणाचा पैसा नाही, कुणाची ओळख नाही, स्वतःच्या मार्कांवर शिकलो. गाडी घेतली, घर घेतलं, त्याचं त्याला एवढं कौतुक नव्हतं.

खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही तसंच वाटलं. तीन रकाने डोळ्यांसमोर आले की आमच्या पिढीचं डोकं आपोआप त्या वाटेने जातं.

"बाबा, इट्स जस्ट व्हेअर यू लिव्ह," लेक म्हणाली. "आपण ओंटारियोमध्ये राहतो ना, सो."

"वरवर तसं लिहितात," नवरा म्हणाला. "तुला सिस्टीम माहीत नाही. आपल्याकडेही होम युनिव्हर्सिटीचा कोटा असायचा, सत्तर टक्के तिथल्यांना, तीस बाहेरच्यांना. पण बाहेरच्यांचीही मेरिट लिस्ट लागते. त्यातले वरचे असतात ते पहिल्या रकान्यात घेतात." मग स्वतःशीच म्हणाला, "हिचे एवढे मार्क असून नंबर लागला नाही. काय कॉम्पिटिशन असेल तिथे." त्याच्या आवाजात दुःख होतं आणि माँट्रियलबद्दल मोठा आदरही होता.

मला वाटलं, दोन दिवसांत विसरेल. तर कुठलं काय. त्याने ॲडमिशन ऑफिसला ईमेल पाठवला. पाठवण्यापूर्वी माझ्याकडून व्याकरण तपासून घेतलं, म्हणून मला तो जवळजवळ पाठ आहे. सेकंड राउंड कधी होणार आहे, पहिल्या रकान्याचा कट-ऑफ किती लागला, आणि जागा रिकाम्या झाल्यास आमच्या मुलीला बेटरमेंटचा पर्याय मिळेल का, असे तीन प्रश्न. बेटरमेंट म्हणजे हातातली सीट न सोडता वरच्या सीटसाठी रांगेत राहायचं. हा शब्द महाराष्ट्राबाहेरच्या भारतीयालासुद्धा कळला असता की नाही कोण जाणे. माँट्रियलच्या ऑफिसातल्या माणसाने तो वाचून किती वेळ विचार केला असेल, याची मला अजून उत्सुकता आहे.

उत्तर आलं. अतिशय नम्र होतं. सेकंड राउंड नाही, कट-ऑफची कल्पना आम्हाला समजली नाही, आपल्या कन्येचं अभिनंदन. नवऱ्याने ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि म्हणाला, "हे लोक उघड कधी सांगत नाहीत. थांबू या. लोक सीटा सोडतील तसतसा नंबर वर सरकेल." आणि त्याने लेकीला सांगून टाकलं की इतक्यात हो म्हणू नकोस. मे सुरू होईपर्यंत मुदत होती. तोवर वाट बघायची.

गुढीपाडव्याला रिचमंड हिलमधल्या एका ओळखीच्यांकडे सगळे जमलो होतो. तिथे दुसरा विषयच नव्हता. कुणाच्या पोराला कुठे मिळालं, कुठे नाही. "तुमच्या लेकीचं काय झालं?" असं कुणी विचारलं की माझा नवरा श्रीखंड वाढून घ्यायला उठायचा. "बघतोय अजून," म्हणायचा. एवढं श्रीखंड त्याने त्याआधी कधी खाल्लं नव्हतं. मी लांबून बघत होते आणि मला त्याचा रागही येत होता आणि दयाही. त्याला पैशाचं काहीच वाटत नव्हतं. मी त्याला ताडून दाखवलं होतं की माँट्रियलचा दुसरा रकाना आणि आपल्या ओंटारियोची साधी फी, दोन्ही साधारण सारख्याच. "पैशाचा प्रश्नच नाही," तो म्हणाला. "दुप्पट असती तरी भरली असती. पण आपल्या पोरीला कुणी पेमेंटवाली म्हणावं?"

कुणी म्हणजे कोण, हे मी विचारलं. माँट्रियलमध्ये हा शब्द कुणाला माहीत असणार होता?

लेकीच्या कानात मात्र तो बसला होता. पाडव्याच्या जेवणाहून घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आई, व्हॉट एक्झॅक्टली इज पेमेंट सीट?" मी भांडी लावत होते. मला वाटलं, कुतूहल आहे, माझ्यावर गेलीय. म्हणून मी रंगवून सगळं सांगितलं. बाक, यादी, तीन रकाने, लग्नाची बोलणी. सांगून झाल्यावर बघते तर तिचे डोळे भरलेले.

"सो बाबा थिंक्स आय बॉट इट," ती म्हणाली. "त्याला वाटतं मी डंब आहे आणि तो मला सीट विकत घेऊन देतोय."

"अगं, तसं नाही."

"देन व्हाय इज ही हायडिंग इट फ्रॉम एव्हरीबडी?"

दुसऱ्या दिवशी तिने जाहीर केलं की ती माँट्रियलला जाणार नाही. जवळच्या युनिव्हर्सिटीत साध्या सायन्सला मिळालं होतं, तिथे जाईल. नवऱ्याला ते लगेच पटलं. "तिथे आपण होम युनिव्हर्सिटी," तो म्हणाला. "पहिला रकाना." तिच्या खोलीच्या भिंतीवर वादळांचे नकाशे होते, ते तिने त्याच आठवड्यात काढले. हवामानाचं पुन्हा ती काही बोलली नाही. सकाळी जॅकेट घालू का, असं मी विचारलं तर म्हणायची, "चेक युअर फोन."

मला ते बघवेना. मुदत सोमवारी संपत होती. त्याच्या आधीच्या गुरुवारी मी लॅबमधून, डब्याच्या सुट्टीत, माँट्रियलला फोन लावला.

पलीकडे एक बाई होती, फ्रेंच वळणाचं इंग्रजी बोलणारी. तिला घाई नव्हती, आणि मला तर कधीच नसते. मी तिला सरळ विचारलं की एखादी मुलगी वर्गात पहिली आली तर ती पहिल्या रकान्यात जाते का. "नाही मादाम. ती पहिली आली तरी ओंटारियोचीच असते." मग मी विचारलं, की मग पहिल्या रकान्यातल्यांची फी एवढी कमी कशी, शिकवायला खर्च तर तेवढाच येत असेल. या प्रश्नाला ती ग्रेट म्हणाली नाही, आणि म्हणून मला ती आवडली. तिने सांगितलं. प्रत्येक विद्यार्थ्यामागे खर्चाचा मोठा वाटा प्रांताचं सरकार उचलतं, लोकांच्या टॅक्समधून. क्वीबेकचे लोक आपल्या मुलांसाठी जास्त उचलतात, त्यावरून तिथे सतत भांडणंही चाललेली असतात. बाहेरच्यांच्या मुलांसाठी त्यांनी का उचलावं, असं त्यांना वाटतं. "आणि तुमच्या प्रांतात सरकारचा वाटा कमी होत गेला," ती म्हणाली, "म्हणून तुमची फी वाढत गेली. हीटिंग तर चालू ठेवावंच लागतं."

हीटिंगचं मी तिला काही बोलले नव्हते. ती आपणहून बोलली. मला फोनवर तिला मिठी मारावीशी वाटली. इतके महिने जो प्रश्न मी त्या उलटं चालणाऱ्या पोरांना विचारत होते, त्याचं उत्तर इतकं साधं होतं. कुणीतरी भरतंच. सरकारने सोडलं तेवढं पोरांवर येतं.

संध्याकाळी गो-ट्रेनच्या स्टेशनवरून नवऱ्याला आणायला गेले तेव्हा गाडीतच सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. "मार्कांचा काहीच संबंध नाही?" त्याने विचारलं.

"काहीच नाही."

"असं कुठे असतं का?" तो म्हणाला. "फोनवरच्या बाईला काय माहीत. मार्कांना काही किंमतच नाही म्हणजे काय?" आणि तो खिडकीबाहेर बघत बसला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्याला खरं कळलं आहे. पण ते त्याला मान्य करवत नाही. कारण ते मान्य केलं तर त्याने जपून ठेवलेल्या त्या एका गोष्टीचं काय करायचं, हा प्रश्न होता. मला हे गाडीत बोलून दाखवायचं धाडस झालं नाही.

शनिवारी ओटावाहून त्याचा मित्र आला. नागपूरला दोघं एकाच वर्गात होते, एकाच हॉस्टेलात. मी त्यांना भाऊजी म्हणते. ते ओटावात केंद्र सरकारच्या नोकरीत होते. दर वर्षी एप्रिलअखेरीला टोरांटोकडे आंबेडकर जयंतीचा मोठा कार्यक्रम असायचा, त्यासाठी ते यायचे आणि रात्री आमच्याकडे मुक्काम करायचे. लेकीचे ते लाडके काका. तिला बर्फाबद्दल पहिलं पुस्तक त्यांनीच आणून दिलं होतं.

रविवारी सकाळी मी पोहे केले. सगळे टेबलाशी बसलो. भाऊजींनी लेकीला विचारलं, "मग, कधी चालली तू माँट्रियलला?"

"नॉट गोइंग, काका," ती ताटलीत बघत म्हणाली.

"काहून?"

मग नवऱ्याने आवाज खाली आणून सांगितलं, जणू खिडकीबाहेर कुणी ऐकतंय. "मिळाली होती. पण पेमेंटमध्ये मिळाली. सेकंड राउंडची वाट पाहून राहिलो होतो."

"काय पाहून राहिला होता बे?"

नवऱ्याने सगळं सांगितलं. रकाने, ईमेल, बेटरमेंट. भाऊजींनी बेटरमेंटपर्यंत कसंबसं धरून ठेवलं आणि मग जे हसत सुटले ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत. लेकसुद्धा थोडी हसली. कित्येक दिवसांनी.

"अरे बाप्पा," भाऊजी म्हणाले, "तो त्या लोकांचा टॅक्स आहे. ते त्यांच्या पोरांचं भरतात. आपण ओंटारियोत भरतो, तर ओंटारियो आपल्या पोरांचं भरते, तेही आता हात आखडून. त्याच्यात मार्क कुठून आणले तू?"

"मला तेच पटत नाही," नवरा म्हणाला. "मेरिटला काही अर्थ आहे की नाही? मी मेरिटवर शिकलो. माझे पैसे कुणी भरले नाहीत."

मी भाऊजींकडे पाहिलं. त्याच्याही लक्षात आलं की आपण हे कुणासमोर बोललो. पण शब्द निघून गेले होते. भाऊजींनी पोह्यांवर थोडं लिंबू पिळलं.

"तुला तो ऑफिसातला कारकून आठवतो का?" त्यांनी विचारलं. "सेकंड इयरला लेक्चर सुरू असताना वर्गात यायचा. हातात कागद."

नवऱ्याने मान हलवली.

"स्कॉलरशिपवाले उभे राहा, म्हणायचा. नाव वाचायचा. मी उभा राहायचो. अख्खा वर्ग वळून पाहायचा. मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणायचं, यांचं काय, यांचं सरकार भरते."

"आठवतं," नवरा म्हणाला.

"तू जी फी भरत होता ना, तेवढ्यात वर्कशॉपमधल्या लेथचं तेल पण आलं नसतं. बाकी सगळं त्याच सरकारनं भरलं. सरांचा पगार, लॅब, हॉस्टेलची खोली. माझं भरलं तसंच तुझंही भरलं." भाऊजींच्या आवाजात राग नव्हता. आणखी थोडे पोहे द्या वहिनी, असं म्हणताना असतो तसाच आवाज होता, आणि म्हणूनच मला ते ऐकवेना. "फरक एवढाच, की तुझं नाव वाचायला कोणी येत नव्हतं."

मी चहाला उठणार होते, तशीच बसून राहिले. माझी एमएस्सी आठवली. काचेची भांडी, रसायनं, रविवारीही उघडी असणारी लायब्ररी. इतके दिवस मी परक्या पोरांना विचारत हिंडत होते की याचे पैसे कोण देतं. माझ्या कॉलेजात मला हा प्रश्न एकदाही पडला नव्हता. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त नवल वाटलं.

"दे मेड यू स्टँड अप, काका?" लेकीने विचारलं. "इन फ्रंट ऑफ एव्हरीवन?"

"होय बेटा. वर्षातून एक-दोनदा."

"बाबा क्लासमध्ये होता?"

"माझ्या बाजूलाच बसायचा," भाऊजी म्हणाले. "तो कधी काही म्हणाला नाही." ते त्यांनी चांगल्या अर्थाने सांगितलं, हे मला माहीत आहे. पण नवऱ्याचा चेहरा पाहिला, तर त्याला ते तसं ऐकू आलं नव्हतं.

त्याने खुर्ची मागे सरकवली आणि उठला. मला वाटलं, वॉशरूमला चालला असेल, किंवा वर खोलीत. पण तो कुठेच गेला नाही. टेबलाशी उभा राहिला. हात दोन्ही बाजूंना, नजर समोर. एवढा मोठा, केस पांढरे व्हायला लागलेला माणूस, पोह्यांच्या ताटलीपुढे उभा.

भाऊजींनी वर पाहिलं. त्यांना कळायला थोडा वेळ लागला. "बस बे," ते म्हणाले. "पोहे थंड होतील."

तो बसला नाही. लेकीकडे वळून म्हणाला, "लॅपटॉप घेऊन ये. त्यांना हो म्हणून टाक. आत्ताच, काकासमोर."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला अजून राग होता, आणि तिने तो लपवला नाही. "पेमेंट सीट आहे, बाबा," ती मराठीत म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "आपल्या घरातली दुसरी. पहिली माझी होती, पेमेंट सरकारचं."

ती वर गेली. तिच्या पावलांचा आवाज जिन्यावर ऐकू आला, मग खोलीत ड्रॉवर उघडल्याचा. ती लॅपटॉप घेऊन खाली येईपर्यंत तो उभाच होता.